खाचेतला गोटा

मित्रांनो, नांदुऱ्याकडच्या एका दगडखाणीत डंपर ज्याच्या पाठीवरून जातात, तो जुना सागवानी स्लीपर मी. पूर्वी मी मोठ्या लाइनवर रुळांखाली आडवा पडून गाड्यांचं ओझं पेलायचो. सिमेंटचे स्लीपर आले आणि मला गवतात फेकून दिलं. उधईनं माझं एक टोक पोखरलं.

पुढे या खाणीत गिट्टी नेणाऱ्या मालगाडीच्या रुळांवरून डंपरसाठी रस्ता करायचं ठरलं. मुकादम रामरावांनी मला रुळांच्या मधे पक्कं बसवलं, बाजूनं मुरूम दाबला. रुळालगत एक अरुंद खाच मात्र मोकळी ठेवली. गाडीच्या चाकाची कड तिच्यातून जाते. तिथे दगड अडकला तर डबा घसरतो.

नारळ फुटला. "काय दमदार लाकूड हाये!" म्हणत लोकांनी मला थोपटलं. किती दिवसांनी मला कुणी चांगलं म्हणत होतं!

पण डंपर शिगोशीग भरत, गिट्टी सांडे. खाच साफ करायला एकट्या सिंधूताई. गाडी थांबवायला झेंडीवाला द्या, असं रामराव मालकांना सांगून थकले. मालक म्हणायचे, "पाहू."

एका दुपारी सहदेवच्या डंपरचा टायर एका गोट्यावरून गेला आणि गोटा खाचेत रुतला. सिंधूताई लोखंडी सब्बल घेऊन वाकल्या. तेवढ्यात इंजिन रिकामे डबे पुढे ढकलत आलं, चालकाला समोरचं दिसत नव्हतं. क्रशरच्या आवाजात कुणाला काही ऐकू येईना. सहदेवला ते डबे दिसले. तो डंपरमधून उडी मारून सिंधूताईंजवळ धावला.

"सिंधूताई, हटा! डबे येऊन राह्यले!"

"गोटा राह्यला तं डबा त्या बायायवर पडन!"

रुळांच्या कडेला बाया भाकरी खात बसल्या होत्या. सिंधूताईंनी सब्बल टाकून हातानं गोटा उपसला. सहदेवनं त्यांना मागे ओढलं, पण उजवा हात रुळावरच राहिला होता. डबा सरळ निघून गेला. बायांनी वर पाहिलं तेव्हा माझ्यावर रक्त होतं.

तीन बोटं गेली.

सिंधूताई एकदाच परत आल्या, डाव्या हातानं जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन गेल्या. सहदेव त्यांच्याकडे पाहू शकला नाही.

आता झेंडीवाला आहे. सिंधूताईंच्या जागी आलेली जयमाला खाच साफ करते, तेव्हा तो लाल झेंडी धरून उभा असतो. मित्रांनो, मी कुजलो तर दुसरं लाकूड टाकता येईल. रस्ता बांधाल तेव्हा त्यावर वाकून काम करणाऱ्या माणसाची काळजी आधी करा. रक्त सांडल्यावर नको.