रिकामा पेटारा

मी बोलतोय, या जुन्या शेतवाडीच्या कोठारातला धान्याचा पेटारा. दचकू नका. दिवसभर माणसं माझ्यासमोर उभी राहून माझ्या वयाचा अंदाज बांधतात आणि सपशेल चुकतात. मला बनवणाऱ्या सुताराचा हात चांगला होता. झाकण तेवढं त्याने घाईत बसवलं, ते अजून कुरकुरतं.

सुगी झाली की मी काठोकाठ भरायचो. जाता-येता माणसं माझ्यावर कौतुकाने हात ठेवायची. मग पेरणीसाठी बियाणं बाजूला निघायचं आणि भर उन्हाळ्यात माझा तळ दिसू लागायचा. पुढची सुगी अजून लांब असायची. मोठी माणसं पोरांवर उगाच खेकसायची.

अशाच एका संध्याकाळी इथल्या नांगऱ्याने मला अंगणात ओढलं आणि माझ्यावर थाप मारली. काय आवाज निघाला म्हणता! माझ्यात एवढा आवाज आहे, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. त्याने ठेका धरला, बायकांनी गाणं उचललं आणि भुकेने किरकिरणारी पोरं नाचता नाचता पेंगली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हेच. नांगऱ्याची धाकटी लेक माझ्या काठावर बसून टाचा आपटायची. माझा तिच्यावर फार जीव होता, सांगून टाकतो.

पुढे माणसं पांगली, वाडी ओस पडली. घुशींनी माझा एक पाय कुरतडला. मग कधीतरी दारावर ‘ऐतिहासिक’ अशी पाटी लागली आणि व्यवस्थापक आले. माणूस सज्जन, कामाला वाघ. त्यांनी मला पुसलं, तेल लावलं, पाय बसवला. आणि मग भुसा ठासून मला गळ्यापर्यंत भरलं, वर धान्याचा एक थर चिकटवला. म्हणाले, “रिकामा बरा दिसत नाही.”

परवा त्यांनी अंगणात लोकगीतांची संध्याकाळ ठेवली. बाकं भरली. मलाही शोभेला बाहेर मांडलं. गावातली गाणारी मंडळी आली, त्यांच्यात एक पांढऱ्या केसांची बाई. ती थेट माझ्याकडे आली आणि हाताने काठ चाचपू लागली. मी ओळखलं. नांगऱ्याची लेक!

व्यवस्थापकांनी सगळ्यांना सांगितलं, “आता ऐका, भरलेल्या कोठाराचं, सुगीच्या आनंदाचं गाणं!”

म्हातारीने माझ्यावर थाप मारली. भद्द! उशीवर मारावी तशी.

“अहो साहेब, ह्याच्यात काय कोंबलंय?”

“भुसा आहे, आजी.”

“काढा की तो. भरलेला असता तर आम्ही कशाला गात बसलो असतो? जेवून झोपलो नसतो का? हा रिकामा झाला की बाबा वाजवायचे. पोरांना भूक विसरायला लावायचं गाणं आहे हे.”

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. पण चिकटवलेला थर, ताटकळलेले पाहुणे. “आज राहू द्या, आजी. पुढच्या उन्हाळ्यात नक्की बघू.”

“पुढचा उन्हाळा मला बघायला मिळाला तर!” ती हसली आणि गायला लागली.

गळा थकला होता, पण सूर तोच. जिथे जिथे ठेका यायचा, तिथे तिचा हात वर जायचा आणि माझ्या झाकणाच्या चार बोटं वर थबकायचा. लोकांना ती हावभाव करतेय असं वाटलं. मला मात्र तिच्या बापाचा एकूण एक ठोका कळत होता आणि एकालाही ओ देता येत नव्हती. असा तडफडलो नाही मी कधी.

टाळ्या झाल्या, बाकं उचलली गेली, मी परत कोठारात आलो. व्यवस्थापक येतात, झाकणापाशी घुटमळतात, आणि कामाच्या रगाड्यात निघून जातात. त्यांना कुणीतरी सांगा हो, पुढचा उन्हाळा फार लांब आहे. आज दुपारीच मला उपसा आणि तिला बोलावणं धाडा. ऐकायला कुणी नसलं तरी चालेल. तिचा हात खाली येऊ दे.