मॉनिटरखालचा शब्दकोश

तीन आठवडे मी खुर्चीतून दोन टप्प्यांत उठत होतो. आधी मी, मग काही वेळाने कंबर.

त्यात वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता. मागची दोन कामं उशिरा गेली होती. आता उशीर झाला तर पुढचं काम दुसऱ्याला देऊ, असं एजन्सीच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं होतं.

सकाळी भाची आली. ती नुकतीच फिजिओथेरपिस्ट झालीय, त्यामुळे नातेवाईक सध्या तिला टाळतात.

"मामा, तू बसत नाहीस, सांडतोस," ती म्हणाली आणि तिने माझी घडी घातली. पाय जमिनीला टेकलेले, गुडघे काटकोनात, पाठीमागे उशी. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत हवा म्हणून त्याखाली शब्दकोशाचे चारही जाडजूड खंड रचले आणि समाधानाने निघून गेली.

एजन्सीला तांत्रिक शब्द त्याच कोशातले लागतात. पहिला शब्द साडेदहाला अडला. तो तिसऱ्या खंडात होता, आणि तिसरा खंड अर्थातच सगळ्यांत खाली. मॉनिटर पलंगावर, खंड जमिनीवर, शब्द बघितला, पुन्हा सगळं रचलं. एक वाजेपर्यंत हे नऊ वेळा झालं. शेवटी भाचीला फोन लावला.

"दर अर्ध्या तासाने उठायचंच असतं, मामा."

"उठतोय. आठ किलो घेऊन."

"गुडघ्यांत वाकून उचलतोयस ना?"

मी माझ्या ताठ गुडघ्यांकडे बघितलं.

"मग दुखणारच."

चार वाजता, कितव्या तरी खेपेला, मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. बायको दारात उभी होती.

"अहो, मॉनिटरखाली बुटांचं खोकं का नाही ठेवत?"

"हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, हाच व्यायाम आहे."

तिने मला जमिनीवर आडवं केलं आणि स्वतः खुर्चीत बसली. तिने मूळ मजकूर वाचायचा, मी छताकडे बघत मराठी सांगायचं, तिने टाइप करायचं.

"'जलनिष्कासन नलिका' म्हणजे काय हो?"

"पाणी जायचा पाइप."

"मग तेच लिहिते."

"अगं, कोशातला शब्द..."

"उठून बघताय का?"

मी उठलो नाही. राहिलेली सहा पानं तिच्या मराठीत गेली, पाचला सात मिनिटं कमी असताना.

सव्वापाचला एजन्सीच्या बाईंचा फोन आला. शेवटची सहा पानं फार छान उतरलीत, आधीची चाळीसही तशीच करून द्या, उद्या पाचपर्यंत.

मी हो म्हटलं. आडव्या माणसाला नाही म्हणायला फारसा वाव नसतो.