तोंड नसलेला बोंबील

"सांगून सांगून तोंड दुखलं माजं. हात धड नाय, तरी पोरगी कडेवर हवी."

मासे सुकवायच्या वलांडीच्या पलीकडून रत्नाबाई पुटपुटत होती. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकत होते, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेल्या जोड्याच जोड्या. त्या ओल्या पडद्याच्या अलीकडे सून उभी आहे हे तिला दिसत नव्हतं. किंवा दिसत असेलही. सातपाटीतल्या सासवा पुष्कळ गोष्टी वाऱ्याला सांगतात, आणि वारा त्या बरोबर ज्याच्या त्याला नेऊन देतो.

हेमांगीने तेजलला खाली उतरवलं. घेतली होती ती उजव्या कडेवर. डावा हात ऑपरेशनच्या बाजूचा. त्याने वजन उचलायचं नाही, त्याला काही टोचू द्यायचं नाही, असं मुंबईच्या दवाखान्यातून बजावून पाठवलं होतं. बोंबलाचे दात तर सुईसारखे. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून वलांडीवर सगळ्यांत चपळ हाताची म्हणून मिरवलेली हेमांगी आता कावळे हाकलायला बसे. कावळ्यांनाही ते कळलं असावं. ते तिला फारसे भीत नसत.

तेजल पाच वर्षांची. पाय जमिनीला लागताच तिने पाटीतले दोन बोंबील उचलले, तोंडात तोंड अडकवलं आणि त्यांचं भांडण लावून दिलं. त्यातला एक हुबेहूब आजीच्या आवाजात बोलत होता. शेजारच्या पुष्पलताला हसू दाबताना ठसका लागला.

आज दुपारी सफाळ्याहून हेमांगीची नणंद भावना येणार होती आणि जाताना तेजलला घेऊन जाणार होती. पोरीला सांगितलं होतं, सुट्टीला चाललीस. खरं तर शाळाही जूनपासून तिकडेच ठरली होती. कारणं प्रत्येकाकडे वेगळी. नवरा मनीष बोटीवर जाताना म्हणाला, तुझ्या हाताला आराम पडेल. सासू म्हणाली, तिकडची शाळा चांगली. भावना फोनवर म्हणाली, वहिनी, मला मूलबाळ नाही, माझंही घर भरेल. कुठलंच कारण खोटं नव्हतं, पण हेमांगीच्या मनाला एकही पटेना. सरळ गोष्टीला एवढी कारणं लागत नाहीत.

तिने हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला जावं, तर पुढच्या वर्षी आपण असू का हाच प्रश्न आधी जिभेवर येई, आणि ती तोंड मिटून घेई. त्या रोगाचं नाव घरात कुणी घेतच नसे. ऑपरेशन झालं, सुया झाल्या, केस गेले आणि परत आले, तरी त्या सगळ्याला घरात "मुंबईचं" एवढंच म्हणत. मुंबईचं बरं झालं का, असं पावणेसुद्धा विचारत, जसं काही मुंबईला मध्यंतरी पडसं झालं होतं.

दुपारी ती तेजलचे फ्रॉक पिशवीत भरत होती. घड्या घालायच्या, उलगडायच्या, परत घालायच्या. तेवढ्यात बाहेर पुष्पलताचा आवाज अर्ध्यावर तुटला आणि वलांडीपाशी एकदम शांतता झाली. बोंबील जोडताना बायका गप्प बसल्या म्हणजे काहीतरी घडलेलं असतं. हेमांगी बाहेर आली.

मधल्या दोरीवर, बोंबलांच्या दोन जोड्यांमध्ये, तिची गादी लटकत होती. ब्लाउजच्या आत डाव्या बाजूला भरायची, कापसाची, तिने स्वतः हाताने शिवलेली. तेजलच्या लाल रिबिनीने दोरीला बांधलेली.

सगळ्या बायका खाली बघत होत्या. पुष्पलता घाईघाईने पापलेटच्या भावावर बोलू लागली, पण तिला कुणी साथ देईना. रत्नाबाई झपाझप गेली, गादी ओढून तिने पदराखाली घेतली.

"आजी, वली हाय ती अजून," तेजल म्हणाली. "आई रोज न्हाणीत टावेलाखाली सुकवते, नि सुकतच नाय म्हणते. इकडं सगळं सुकतं." मग आपली अडचणही तिने सांगितली. "तिला तोंड नाय ना, म्हणून रिबिनीनं बांधली."

हेमांगीला हसू आलं. थांबवायला गेली तर जास्तच आलं, आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम. तिने सासूच्या पदराखालून गादी काढली आणि उजव्या हाताने परत दोरीवर टाकली. उन्हात. सगळ्यांसमोर.

"सुकू द्या," ती म्हणाली. मग तिथेच उभं राहून तिने विचारलं, "आय, पोरीला का पाठवताय?"

रत्नाबाईने आधी हाताचं कारण काढलं, मग शाळेचं. हेमांगी हलली नाही. म्हातारी पाटीजवळ बसली, एक जोडी जुळवायला घेतली, पण जबडा जबड्यात बसेना.

"मनीष एवडाच व्हता," ती शेवटी म्हणाली. "बाप दर्यात बुडाला. पोरगा रोज बंदरावर जाऊन बसायचा. जेवायला उचलून आणावा लागायचा. तसं हिचं नको. आतापासनंच दूर राहिली तर सवय तुटंल."

सवय कशासाठी तुटायची, ते तिने म्हटलं नाही. म्हणायची गरजही उरली नव्हती.

"बाप कुठं गेला म्हणून सांगितलं व्हतं त्याला?" हेमांगीने विचारलं.

रत्नाबाईने हातातले बोंबील पाटीत टाकले.

"वेरावळला," ती म्हणाली. "मोठ्या बोटीवर कामाला गेलाय, येईल म्हणून सांगितलं."

"मग तो वाट बघणारच, आय."

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. भावना उतरली, हातात खाऊचा पुडा, आणि समोरचं दृश्य बघून होती तिथेच थबकली. तेजल धावत घरात गेली आणि आपली पिशवी ओढत बाहेर आली. एक फ्रॉक मागे फरफटत होता.

रत्नाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने पोरीच्या हातातून पिशवी घेतली आणि लेकीला म्हणाली, च्या पी, जेव, पन जाताना एकटीच जा. भावनाने खाऊचा पुडा वहिनीच्या हातात दिला.

तेजलचा चेहरा पडला. "मी का नाय जायचं?"

हेमांगी पुढे होऊ लागली, तशी सासूने हाताने तिला थांबवलं. बोंबलाचा चिकटा लागलेले हात तिने लुगड्याला पुसले आणि पोरीसमोर उकिडवी बसली.

"तुज्या आईला कॅन्सर झाला व्हता," रत्नाबाई म्हणाली. "डाक्टरांनी काडलाय. परत आला तर ती मरंल, नाय आला तर नाय मरायची. कोनाला ठाव नाय. तवर तू तिच्यापाशीच ऱ्हायचं."