रिकाम्या जागेचं इंग्रजी

पंतनगरात तावडे सरांना न घाबरणारा माणूस सापडणं कठीण होतं. छत्तीस वर्षं त्यांनी घाटकोपरच्या शाळांत इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त झाले तरी शिकवायचं काही थांबले नाहीत. जित्याची खोड म्हणतात ती अशी. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचा कागद ते खिशातल्या लाल पेनानं तपासायचे. लिफ्टमधल्या सूचनेत त्यांनी तीन चुका काढल्या होत्या, तेव्हापासून सेक्रेटरी जिना चढून जायचा.

सरांचा खास विषय म्हणजे जवळजवळच्या अर्थाचे शब्द. सी आणि लुक, हियर आणि लिसन, हाऊस आणि होम. "इंग्रजीतले दोन शब्द कधीच एक नसतात," ते वर्गात सांगायचे. "जुळी पोरं असतात ती. परक्याला सारखी दिसतात, आईला विचारा फरक काय ते!" त्या भाषेची आई आपणच आहोत, असा त्यांचा एकंदर समज होता.

असा माणूस स्वस्थ कसा बसणार? त्यांचा जुना विद्यार्थी सौरभ अंधेरीच्या एका सर्व्हे कंपनीत होता. जागेवर जाणारी पोरं मराठीत टिपणं लिहीत, आणि वरच्या ऑफिसात रिपोर्ट मात्र इंग्रजीत हवा असे. सौरभ ती टिपणं सरांच्या मोबाइलवर पाठवायचा आणि सर त्यांचं असं कडक इस्त्रीचं इंग्रजी करून द्यायचे की मूळ लिहिणाऱ्यालाही ते आपलं वाटू नये.

सप्टेंबरात एका सकाळी कृष्णाबाई दारात उभी राहिली. कृष्णाबाई खारदांड्याची कोळीण. गेली तीस वर्षं दर मे महिन्यात ती पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील घेऊन यायची. खालच्या मजल्यावरची मंडळी नाकाला रुमाल लावायची आणि तावडेबाई, म्हणजे सुगंधा, जिन्यातच तिच्या स्वागताला उभी राहायची. पण सप्टेंबरात ती कधी आली नव्हती. या वेळी टोपलीही नव्हती, बरोबर नात कल्पिता होती आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते.

"मास्तर, ह्यो वाच," ती म्हणाली. कृष्णाबाई अख्ख्या जगाला 'तू' म्हणायची, त्यात सरही आले. "आमचे वलांडीचे जागेव गाड्यांचा पार्किंग करनार म्हनतात. हरकत घ्यायला पंधरा दिस दिलेत."

वलांडी म्हणजे बांबू उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि त्यांवर बोंबील सुकत टाकायचे. त्या एका मैदानावर चाळीस घरांतल्या बाया पिढ्यान् पिढ्या मासळी सुकवत होत्या. जागा गेली तर चाळीस चुली विझणार, इतका साधा हिशेब होता.

सरांनी चष्मा लावला, दोन पानं हातात घेतली, आणि तिसऱ्या ओळीवर ते थांबले. 'प्लॉट इज व्हेकंट. नो स्ट्रक्चर. नो ऑक्युपंट.' हे वाक्य त्यांना ओळखीचं वाटलं, कारण ते त्यांचंच होतं. जुलैत सौरभनं पाठवलेल्या टिपणांच्या गठ्ठ्यात हा प्लॉट होता. जागेचा फक्त नंबर होता, गावाचं नाव नव्हतं. पोरानं लिहिलं होतं 'रिकामा', सरांनी केलं 'व्हेकंट'. आणि आता त्या शब्दावर बोट ठेवून कुणीतरी म्हणत होतं, कोणाचीच नाही ना जागा, मग आम्ही घेतो.

"काय लिवलंय?" कृष्णाबाईनं विचारलं.

"जागा रिकामी आहे, असं," सर कसेबसे म्हणाले. त्या दोन पानांवर अनुवाद करणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. ते त्यांनी दोनदा उलटून पाहिलं, हे लिहायला लाज वाटते, पण पाहिलं.

"रिकामी व्हती त्ये खरा हाय. पावसान बोटी बंद, मासली नाय, आमी वलांडी उतरवून ठेवतंव. दसरा झाला का परत उभी. मंग त्यांचा चुकला काय?"

चुकलं काय ते सांगणं भाग होतं. सर मास्तर झाले. "कृष्णाबाई, इंग्रजीत रिकाम्याला दोन शब्द आहेत. एक एम्प्टी आणि एक व्हेकंट. असं बघा, मधल्या सुट्टीत पोरं बाहेर पळाली की बाकं एम्प्टी होतात. पण एखादं पोर शाळाच सोडून गेलं, तर त्याची जागा व्हेकंट होते. मग तिथं आपण दुसऱ्याला बसवू शकतो. यांनी दुसरा शब्द वापरलाय."

'यांनी' म्हणताना त्यांची जीभ जरा जड झाली.

कृष्णाबाई विचारात पडली. तिला सही करण्यापुरतं मराठी लिहिता येत होतं, इंग्रजीचा तर संबंधच नाही. पण तिनं ते दोन शब्द बाजारात पापलेट उलटंपालटं करून बघावं तसे मनातल्या मनात बघितले.

"म्हंजे बघ मास्तर. माझा घरवाला धा-धा दिस दर्याव जायचा. घरान खाट रिकामी. ती कंची?"

"एम्प्टी."

"आन् तिच्याव येऊन दुसरा कोन निजला असता तर?"

सुगंधाला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाशी धरला.

"तंगडा मोडला असता मी त्याचा!" कृष्णाबाई म्हणाली. "तसाच हाय ना ह्यो? आमची जागा पावसान मधली सुट्टी घेते, मास्तर. तिनं शाला सोडली नाय."

तावडे सर तिच्याकडे बघतच राहिले. छत्तीस वर्षांत हजारो पोरं त्यांच्या हाताखालून गेली, पण फरक सांगितल्या सांगितल्या तो असा उचलून आपल्या आयुष्याला लावून दाखवणारा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. आणि हाच फरक, त्याच्या नावानं आयुष्यभर मिरवलेला माणूस, म्हणजे ते स्वतः, जुलैत सपशेल विसरला होता. त्यांना तिचं इतकं कौतुक वाटलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी खिशातलं लाल पेन काढून बाजूला ठेवलं.

"हरकतीचा अर्ज मी लिहितो," शेवटी ते म्हणाले. "सुनावणीलाही येतो."

त्या दोघी गेल्यावर त्यांनी मोबाइलमध्ये ते जुनं टिपण शोधलं. मूळ चार वाक्यं होती. 'प्लॉट रिकामा. बांधकाम नाही. कोणी राहत नाही. कडेला बांबू व दोऱ्या ताडपत्रीखाली रचून ठेवल्या आहेत.' चौथं वाक्य इंग्रजीत नव्हतंच. सरांना आठवलं, ते त्यांनी गाळलं होतं. नीटनेटक्या रिपोर्टात ही अडगळ कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यांनी सौरभला फोन लावला. तो म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ ना. अर्ज झकास लिहा, काम होईल. तुमचं नाव कशाला मध्ये आणता? सगळी वाट लागेल."

सुगंधाला त्यांनी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मग सांगा की सरळ."

"अगं, लोक काय म्हणतील? तावडे सरांना व्हेकंट आणि एम्प्टी कळत नाही?"

"लोक काय म्हणायचा ता म्हणतले. तिचे बोंबील तीस वर्षां खाताव आपण." मालवणी तोंडात आली की सुगंधाशी वाद घालायचा नसतो, एवढं सरांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि करणं यांतही फरक आहेच.

सरांनी मधला रस्ता काढला. दोन पानी अर्ज लिहिला. एम्प्टी आणि व्हेकंट यांतला भेद त्यात असा मांडला की वाचणाऱ्यानं टाळी द्यावी. फक्त चूक कोणाची, यावर एक अक्षर नव्हतं. 'चुकीचा शब्द वापरला गेला आहे', एवढंच. आपोआप वापरला गेला असावा तसा.

सुनावणी वांद्र्याला एका सरकारी इमारतीत होती. छोटी खोली, टेबलामागे चाळिशीतल्या अधिकारी बाई, कडेला कारकून. कारकुनानं सरांना पाहिलं आणि तो ताडकन उभा राहिला. "सर! मी जयवंत, एकोणीसशे सत्याण्णवची बॅच. तुम्ही मला 'से' आणि 'टेल'साठी बाकावर उभं केलं होतं." त्यानं धावत जाऊन खुर्ची आणली. सरांना एरवी हे आवडलं असतं. आज ते त्या खुर्चीच्या कडेवरच टेकले.

कृष्णाबाई हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून समोरच्या बाकावर बसली होती. बाजूला कल्पिता, मागे पाच-सहा बाया. कृष्णाबाई फक्त सरांकडे बघत होती.

बाईंनी अर्ज नीट वाचला. "सर, इंग्रजी फार सुंदर आहे तुमचं. दोन शब्दांतला फरकही मला पटला. पण मी शब्दकोशावर निकाल नाही देऊ शकत. जो माणूस जागेवर गेला, त्यानं डोळ्यांनी बघून व्हेकंट लिहिलंय. तुम्ही घरी बसून म्हणताय की ते चूक. मी कोणाचं धरू?"

प्रश्न रास्त होता. सरांनी कृष्णाबाईकडे पाहिलं. ती विनवत नव्हती, रागावलीही नव्हती. भरतीची वाट बघत बसलेल्या माणसाला असते तेवढीच घाई तिला होती.

"ज्यानं व्हेकंट लिहिलं, तो जागेवर गेलाच नव्हता," सर म्हणाले.

"कशावरून?"

जयवंत हातातलं पेन थांबवून आपल्या सरांकडे आदरानं बघत होता, आणि तो आदर आता जाणार हे सरांना स्पष्ट दिसत होतं. ते खुर्चीवरून उठले. कबुली बसून द्यायची नसते, हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं.

"कारण ते मी लिहिलंय, मॅडम. अनुवाद माझा आहे. जागा मी आजतागायत पाहिलेली नाही. जागेवर गेलेल्या मुलानं मराठीत रिकामा लिहिलं, मी विचार न करता व्हेकंट केलं. तेवढ्यानंही भागलं नाही. त्याचं एक वाक्य मी गाळलं. हे बघा मूळ." त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "कडेला बांबू आणि दोऱ्या ताडपत्रीखाली रचून ठेवल्या आहेत. मला ती अडगळ वाटली. माझा रिपोर्ट देखणा दिसावा म्हणून मी यांची वलांडी पुसून टाकली. माझ्या हातून घोर चूक झाली."

बाईंनी मोबाइल जवळ ओढला आणि ते वाक्य दोनदा वाचलं. मग पहिल्यांदाच त्या कृष्णाबाईशी बोलल्या. "ताडपत्री कशाला घालता हो?"

"बांबू कुजू नये म्हनून," कृष्णाबाई म्हणाली. "परत उभं करायचं असतान ना. टाकून दिलेल्याव कोन ताडपत्री घालतो, बाय? तू नोव्हेंबरान ये. माझे जागेव तुना चालायला वाट मिलनार नाय, एवढा बोंबील असतो."

बाई हसल्या. जयवंतला त्यांनी सांगितलं, "लिही. शेरा रद्द. नोव्हेंबरात मी स्वतः जाऊन पाहणी करणार. तोवर पार्किंगचा प्रस्ताव थांबलेला आहे." जयवंतनं मान खाली घालून ते लिहून घेतलं. सर खोलीबाहेर निघाले तेव्हा मात्र तो पुन्हा उभा राहिला, आणि सर दिसेनासे होईपर्यंत बसला नाही.

बाहेर पायऱ्यांवर बायांचा एकच गलका उडाला होता. सर कृष्णाबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "हे मी तुम्हाला त्याच दिवशी घरी सांगायला हवं होतं."

"मना ठावं व्हता," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

कृष्णाबाईनं नातीला खूण केली. कल्पितानं पर्समधून घडी घातलेलं एक पान काढलं. त्या रिपोर्टाचं तिसरं पान. तळाशी, सहसा कुणाची नजर जाणार नाही अशा बारीक अक्षरात छापलं होतं, 'अनुवाद: सुबोध तावडे, घाटकोपर'.

"आजोबा, मी बी.कॉम. आहे," कल्पिता ओशाळून म्हणाली. "वाचून मीच दाखवलं होतं आजीला. पण ती म्हणाली, दोनच पानं न्यायची."

सर पायरीवरच बसले. "मग मला सरळ का नाही विचारलंत?"

"इचारला असता तर तू माफी मागितली असतीस," कृष्णाबाई म्हणाली. "ती घेऊन मी काय करू? माफीव बोंबील सुकत नाय. मना त्या बाईसमोर उभा राहून बोलनारा मानूस पायजे व्हता. आन् ढकलून उभा केलेला मानूस तिथं टिकला नसता."

"आणि मी आज बोललो नसतो तर?"

"मंग कल्पितानं ह्यो पान टेबलाव ठेवला असता." तिनं हे इतक्या सहज सांगितलं की सरांच्या अंगावर काटा आला. "पन नको वाटत व्हता रं मना. तीस वर्सांचा घर हाय तुझा."

सरांचे डोळे भरून आले. सहीपुरती अक्षरओळख असलेल्या या बाईनं आपल्याला पुरतं वाचलं होतं, चुकीसकट वाचलं होतं, आणि तरीही सुधारायला पंधरा दिवस दिले होते. एवढा थोर शिक्षक त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि हे त्यांनी तिला तसंच्या तसं सांगितलं. कृष्णाबाई नुसती हसली.

"ते पान मला द्याल का?" सरांनी विचारलं. "आठवण म्हणून ठेवीन."

कृष्णाबाईनं पान नातीकडून घेतलं, त्याची नीट घडी केली आणि कमरेला खोचलं.

"आता नाय," ती म्हणाली. "बाई नोव्हेंबरान येऊन बघून जाऊ दे. मंग देते."