गुडघे टेकणारी मेंढी

सफरचंदाच्या बागेत त्या सकाळी मुंगीलाही वाट मिळत नव्हती. कोपऱ्यातील जुन्या वृक्षापुढे मेंढ्या पुढचे गुडघे टेकत होत्या आणि मेंढ्यांमागे माणसे.

"बघा! मुक्या जिवाला कळतं, चष्मेवाल्यांना कळत नाही!" तांब्यातले तीर्थ खोडावर शिंपडत वृक्षबाबा गरजले. पूर्वायुष्यात ते दारोदार झाडू विकत. वाणीची धार तेव्हाचीच. "प्रत्येकानं एकेक घागर मुळाशी ओता. झाड तृप्त, तर तुम्ही तृप्त!"

बागेच्या मालकीणबाई, म्हणजे साऱ्यांच्या काकू, कृतार्थ भावाने उभ्या होत्या. झाडांखालचे गवत निघावे आणि आयते खत मिळावे, एवढ्याच हेतूने त्यांनी मेंढ्या बागेत सोडल्या होत्या. पदरी पडले ते पुण्य. पहिला नमस्कार तर त्यांच्या लाडक्या, गाभण मेंढीचा, कापशीचा! मात्र ती आता उठेनाशी झाली होती. चाऱ्याला तोंडही लावीत नव्हती. काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

"तिची समाधी लागते आहे," बाबांनी बजावले. "औषधाचा थेंब लागला, तर कोप होईल!"

एवढ्यात काकूंची पुतणी आली. ती गुरांची डॉक्टर.

"काकू, हिचे खूर पाहिलेस का गं?"

"अगं, भक्ताचे पाय धरायचे असतात, तपासायचे नसतात."

"बरं, मग धरते."

तिने कापशीचा पाय उचलून खुराची बेचकी उघडली. असा दर्प सुटला, की पुढच्या रांगेतील भक्ती तत्काळ मागच्या रांगेत गेली.

"खूर कुजलेत. पाय टेकवत नाही, म्हणून बिचारी गुडघ्यांवर चरते. आणखी दोन दिवस अशीच राहिली, तर पोटातल्या कोकरासकट जाईल."

"मग ह्याच झाडापुढे का?" बाबांनी मिशीवर ताव दिला.

डॉक्टरने सालीवर बोट फिरवून चाखले. "खारट! बाबा, तुमच्या तांब्यातलं तीर्थ जरा चाखू द्या."

बाबांनी तांब्या पाठीमागे दडवला.

डॉक्टरने मूठभर मीठ मागवून बागेच्या कडेच्या वाळक्या ओंडक्यावर टाकले. मेंढ्या खुरडत तिकडे वळल्या, गुडघे टेकून मीठ चाटू लागल्या.

"ह्या ओंडक्यातही देव शिरला वाटतं!" कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

"हसू नका, घागरी तुम्हीच ओतल्या," डॉक्टर म्हणाली. "त्या चिखलात खूर कुजले. जितके भक्त वाढले, तितका चिखल वाढला. आणि तितक्या मेंढ्या गुडघ्यांवर आल्या."

"अश्रद्धेनं इथलं देवत्व उडालं!" असे म्हणून बाबाही त्याच्या पाठोपाठ उडाले.

काकूंनी स्वतः कापशीचा पाय मांडीवर घेतला. खूर छाटले, औषध लावले, कोरड्या जागी बिछाना केला. पंधरवड्याने ती चारी पायांवर उभी राहिली; पुढे कोकरूही सुखरूप झाले.

एकदा दूरची एक बाई घागर घेऊन आली आणि झाडापुढे गुडघे टेकून खिन्नपणे म्हणाली, "काकू, मेंढी आता नमस्कार करत नाही?"

"तिचे पाय बरे झाले, बाई," काकू तिला हात देत म्हणाल्या. "तुम्हीही उठा. ती दुखत होतं म्हणून वाकली. आपण का वाकलो, ते आपणच विचारायला हवं."

वाकलेल्याचे दुखणे आधी पाहावे. नमस्कार कुठे पळून जात नाही.