बंद दाराआडच्या उड्या

तिने दार ढकललं तेव्हा बाबा पलंगाच्या कडेवर वाकून बसले होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत बूट होते. हातांत म्हणजे धरलेले नव्हे, घातलेले. मोबाइलमधला माणूस "वर, खाली, वर, खाली" असं किंचाळत होता आणि त्या तालावर बाबा बुटांचे तळ फरशीवर आपटत होते. धप, धप. चेहरा इतका गंभीर, जणू बोर्डाचा पेपर सोडवताहेत.

तिने पुढे होऊन मोबाइल बंद केला. खोली गप्प झाली, तरी एक धप उशिराने पडलीच.

"दार वाजवून यायचं गं," बाबा म्हणाले.

घरच्या घरी करायचा हा घाम काढणारा व्यायाम तिनेच घरात आणला होता. सुट्टीत मोबाइलवरचे त्याचे सगळे भाग तिने दात-ओठ खात पुरे केले, आणि शाळा उघडली तेव्हा मैदानाला फेऱ्या मारूनही तिला धाप लागेना. रिलेच्या संघात जागा मिळाली. मागच्या बाकावरून टोमणे मारणाऱ्या पोरांना ती वळून उत्तरं द्यायला लागली. अंगात आलेला जोर तोंडातही आला, असं आई म्हणायची आणि तिला हवालदार म्हणून हाक मारायची.

मग बाबांच्या डेपोत ड्रायव्हरांची डॉक्टरी तपासणी जाहीर झाली. बाबा शहराची बस चालवायचे, आणि अलीकडे वळण घेताना स्टिअरिंग पोटाला घासत होतं. तपासणीत नापास झालेल्या ड्रायव्हरची गाडी काढून घेत आणि त्याला फाटकावर बसवत, दुसऱ्यांच्या गाड्या आत-बाहेर सोडायला. तिने कंबर कसली. पोट मी उतरवते, म्हणाली. बाबांनी तिला कोचबाई म्हणायला आणि मोबाइलमधल्या माणसाला बोंबल्या म्हणायला सुरुवात केली, आणि हॉलमध्ये तिच्यासमोर उड्या मारायला ते उभे राहिले. दोन-तीन दिवसांनी म्हणाले, मला लाज वाटते, मी आतल्या खोलीत दार लावून करत जाईन.

तेव्हापासून रोज सकाळी दप्तर भरताना तिला आतून धपधप ऐकू यायची आणि तिची छाती फुगायची. आईने कामावर जाता-येता सगळ्या इमारतीला सांगून टाकलं. खालच्या काकू तक्रार घेऊन आल्या तर आईने त्यांना जिन्यातच धारेवर धरलं. आमचे हे घाम गाळतात, तुमच्या पोटात का दुखतं म्हणून. काकू तणतणत निघून गेल्या, पण जाताना म्हणाल्या की उड्या मारतो तर माणूस जरा इकडेतिकडे तरी होईल, यांचं सगळं एकाच जागी, माझ्या कपाटाच्या डोक्यावर. ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. आज आई लवकर बाहेर पडली आणि तिने दार ढकललं.

आता तिने बाबांना काही म्हणजे काही बोलायचं ठेवलं नाही. मी तुमच्यासाठी पहाटे उठते. आई तुमच्या बुटांसाठी काकूंशी भांडली. मला लहानपणापासून कॉपी करू नको म्हणून शिकवलंत ते कोणत्या तोंडाने? बाबा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी बूट हातांतून काढून पायांत चढवले. ड्यूटीची वेळ झाली होती.

"तपासणीत काय करणार? डॉक्टरपुढेही बूट आपटणार?"

"बघू."

"बघू काय, बघू? सरळ सांगा ना, आळस आहे म्हणून."

बाबा नाडी बांधायला वाकले आणि अर्ध्यात थांबले. डावं कोपर बरगडीशी दाबून धरलं. श्वास रोखून ते तसेच राहिले, सिग्नल सुटायची वाट बघावी तसे. मग सावकाश नाडी ओढली.

"काय झालं?"

"काही नाही. गॅस."

ती दारात आडवी उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा नाडीकडे. मग नाडीलाच सांगावं तसं सांगितलं. हॉलमध्ये दुसऱ्याच दिवशी छातीत धरलं होतं. हाताला कोपरापर्यंत मुंग्या. पुढे जिन्यातही व्हायला लागलं, आता वाकलं तरी होतं. उड्या बंद केल्या की जरा बरं असतं, म्हणून हे बुटांचं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. दुखतंय म्हटलं, तर तू म्हणालीस, दुखतंय म्हणजे काम होतंय."

ते बोंबल्याचं वाक्य होतं. तिने ते कमरेवर हात ठेवून, त्याच्याच आवाजात म्हटलं होतं आणि दोघंही हसले होते. बाबा आत्ता ते तक्रारीने म्हणालेच नाहीत, आणि त्याने तिचं डोकं आणखी फिरलं. समोर कोण आहे हे न बघता सगळ्यांवर सारखाच ओरडणारा तो माणूस! मोबाइल भिंतीवर फेकावा असं वाटलं. पण तो लागणार होता.

"आज नाही जायचं," ती म्हणाली.

"सकाळची फेरी शाळेच्या पोरांची असते गं. गाडी भरलेली असते."

"म्हणूनच."

बाबा उठले. एकदा डॉक्टरने लिहिलं की सुटका नाही, हे त्यांनी तिला शांतपणे समजावलं. मग जन्मभर फाटकावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या.

"मग मोजा," ती म्हणाली. "जिवंत बसून मोजा."

तिने डेपोला फोन लावला. ड्यूट्या लावणाऱ्या साहेबांनी आवाज लगेच ओळखला. काय कोचबाई, पैलवान तयार झाला की नाही, तुझ्याशिवाय दुसरा विषय नसतो त्याला, म्हणून ते हसले.

"बाबा आज येणार नाहीत."

"का गं?"

बाबा समोरून मान हलवत होते. ओठांनी सांगत होते, ताप. ताप सांग.

तिने हात लांब करून फोन बाबांपुढे धरला. तो खाली घेतला नाही. फोनमधून हॅलो, हॅलो येत राहिलं.

शेवटी बाबांनी फोन घेतला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "माझी गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या. दवाखान्यात चाललोय, छातीचं आहे."

पलीकडचं त्यांनी ऐकून घेतलं. खिडकीबाहेर रस्त्यावर कुणाची तरी बस थांब्यावर लागली, भरली आणि गेली.

"नाही," बाबा म्हणाले. "आजच्यापुरतं नाही."