आक्काची मिशी

"ही ती नाही," दारात आडवी उभी राहून बिट्टी म्हणाली.

दाराबाहेर आक्का होती. बिट्टीच्या आजोबाची, म्हणजे पेंटरची, थोरली बहीण, वय पंचाहत्तर, हातात फुलं. तिच्यामागे जिन्यात दहा-बारा पाहुणे तुंबलेले.

"अगं, मी आक्काआजी!"

बिट्टीने हातातलं चित्र पुढे केलं. चित्रात आक्काच होती. नाक तेच, चष्मा तोच. आणि नाकाखाली चांगली झुपकेदार मिशी.

चूक पेंटरची. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण आहे तसं रंगवेल तर शपथ. त्याने रंगवलेल्या माशापुढे म्हणे गल्लीतल्या मांजरांनी तीन दिवस धरणं धरलं होतं. अर्थात हे त्याच्याच तोंडून. गेल्या वर्षी नवीन वर्षाच्या याच जेवणात गलका सोसेना म्हणून बिट्टी कानांवर हात दाबून किंचाळली आणि दिवसभर मागच्या खोलीत राहिली. "पोरीला धाक नाही," आक्का म्हणाली होती. सुनेच्या, बिट्टीच्या आईच्या, ते जिव्हारी लागलं, आणि पेंटरच्याही.

यंदा शाळेतल्या बाईंनी युक्ती सांगितली: सगळा दिवस चित्रांत मांडा, पुढे काय होणार ते तिला आधीच दिसू द्या. पेंटरने पत्र्याचे नऊ तुकडे रंगवले. अंघोळ, पाहुणे, जेवण, मध्येच मागच्या खोलीत पाच मिनिटं शांत. महिनाभर आजोबा-नात ते भिंतीवर ओळीने टांगत. एकेक पत्रा उलटा करायचा आणि म्हणायचं, "झालं." आक्कापाशी मात्र पेंटरचा हात वळवळला. जुना राग मिशीतून बाहेर पडला.

जिन्यातली कुजबुज वाढली. बिट्टीचा एक हात कानाकडे गेला.

"बाबा, काहीतरी करा ना," सून रडकुंडीला आली.

"आक्का, गंमत केली गं. महिनाभर तिला हेच दाखवत होतो. चित्र पुसतो."

"खबरदार! महिनाभर पोरीनं हीच आक्का पाठ केलीय ना? आण ब्रश."

"अगं, लोक काय..."

"लहानपणी माझ्या वह्यांत फुकट मिशा काढायचास. आता लोकांची लाज वाटते होय रे?"

आक्का पायरीवर बसली. पाहुणे कुजबुज सोडून माना उंचावून बघू लागले. पेंटरने आयुष्यात पहिल्यांदा चित्राबरहुकूम काम केलं. एक केस जास्त नाही.

बिट्टीने चित्र पाहिलं. आक्का पाहिली. पत्रा उलटा केला.

"झालं," म्हणाली, आणि बाजूला सरली.

जेवण सुरू असताना ती एकदा उठून मागच्या खोलीत गेली. सुनेचा हात वाढता वाढता थांबला. पाच मिनिटांनी पोर आपल्या पायांनी परत आली आणि मिशीवाल्या आजीशेजारी बसली.

निघताना पेंटरने ओला फडका पुढे केला. "पूस आता. बसमध्ये हसतील."

आक्काने भिंतीकडे बोट दाखवलं. शेवटचा पत्रा अजून सुलटा होता: बसच्या खिडकीत आक्का, हात हलवणारी. मिशीसकट.

"एवढं होऊ दे," ती म्हणाली, आणि जिना उतरली.

बिट्टी पत्रा घेऊन गॅलरीत उभी राहिली. खाली बस हलली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि वळणापर्यंत हलत राहिला. पेंटरने फडक्यासकट हात जोडले.

शेजारी पत्रा उलटल्याचा आवाज झाला.